रेन वर्ल्ड: इतका देखणा खेळ हातात का बसत नाही?

वळचण

व्हिडिओ गेमवरच्या धाग्यांत 'रेन वर्ल्ड'चं नाव अधूनमधून निघतं आणि दर वेळी तेच दोन प्रतिसाद येतात. एक, 'काय वातावरण आहे!' दुसरा, 'कंट्रोल्स भयंकर आहेत, सोडून दिला.' मला दोन्ही पटतात. शिवाय या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत असं माझं मत आहे, म्हणून हा स्वतंत्र धागा.

ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिडिओकल्ट नावाच्या अगदी छोट्या चमूचा हा खेळ. चित्रं आणि प्रोग्रामिंग योआर याकोबसन या स्वीडिश कलाकाराचं, संगीताची आणि इतर बरीच बाजू जेम्स प्रायमेट या नावाने काम करणाऱ्या सहकाऱ्याची. २०१४ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणी झाली आणि २८ मार्च २०१७ रोजी खेळ पीसी आणि प्लेस्टेशन ४ वर आला. पुढच्या वर्षाच्या शेवटी निंटेंडो स्विचवरही आला. तुम्ही असता स्लगकॅट, म्हणजे अर्धी बिनशंखाची गोगलगाय आणि अर्धं मांजर. पुरात कुटुंबापासून तुटून तुम्ही एका गंजलेल्या, ओसाड कारखान्यांच्या दुनियेत येऊन पडता. इथला पाऊस जीवघेणा आहे. काही वेळाने तो असा कोसळतो की उघड्यावर सापडलेला जीव चिरडूनच जातो. त्याआधी माश्या धरायच्या, निळी फळं तोडायची, पोट भरायचं आणि आसऱ्याची खोली गाठून झोपायचं. नेहमीच्या पातळीवर झोपेसाठी पोटात निदान चार घास हवेत. नाहीतर पुढचा दिवस उपाशीपोटी.

याकोबसनने मुलाखतींत मूळ कल्पना सांगितली आहे: महानगरातल्या उंदराचं आयुष्य. भुयारी रेल्वेत कुठे लपायचं, कुठे खायला मिळतं हे उंदराला पक्कं ठाऊक असतं. पण ती रेल्वे कुणी आणि कशासाठी बांधली, हे त्याला कधीच उमगणार नाही. खेळताना नेमकं हेच वाटत राहतं. प्रचंड यंत्रं, अगम्य चिन्हं, दूरवर धुक्यात बुडालेले मनोरे, आणि त्यात आपण अन्नसाखळीच्या मधोमध, जीव मुठीत धरून.

आता कंट्रोल्स. माझं म्हणणं असं की लोकांची चिडचिड दोन अगदी वेगळ्या कारणांनी होते आणि आपण दोन्ही एकाच पारड्यात टाकतो.

पहिलं कारण म्हणजे स्लगकॅटला वजन आहे. उभं राहून मारलेली उडी वेगळी, सरपटत असताना मारलेली वेगळी. खांब आपोआप धरला जात नाही, त्याच्यासमोर असताना 'वर' दाबावं लागतं. समजा, तुम्ही एका उभ्या खांबावर आहात, शेजारच्या भिंतीवरून निळा सरडा खाली उतरतोय आणि पलीकडचा खांब एका उडीवर आहे. तुम्ही उडी मारता, 'वर' दाबायला डोळ्याची पापणी लवण्याइतका उशीर होतो, आणि स्लगकॅट खांबासमोरून सरळ खाली जातो. तळाशी दुसरा सरडा. त्या क्षणी कंट्रोलर भिंतीवर फेकावासा वाटतो. पण काही दिवसांनी तोच अंगठा आपोआप 'वर' जातो. धावता धावता उलटी दिशा दाबून, पाय घसरत असतानाच उडी मारली की कोलांटी बसते आणि सरड्याच्या डोक्यावरून पलीकडे जाता येतं. सरपटण्याच्या स्थितीत उडीचं बटण दाबून धरलं आणि सोडलं की लांब झेप. ही झेप पहिल्यांदा हवी तिथे बसली तेव्हा झालेला आनंद मला दुसऱ्या कुठल्या प्लॅटफॉर्मरने (उड्या मारत पुढे जायच्या खेळाने) दिलेला नाही. या प्रकारचं अवघडपण मला खेळाचा प्राण वाटतं.

दुसरं कारण मात्र निव्वळ दोष आहे. एकाच बटणावर किती कामं? उचलायचं बटण दाबून धरलं आणि हातात खाणं असेल तर स्लगकॅट खातो. दगड किंवा मोती असेल तर गिळून पोटात ठेवतो. दोन वस्तू जवळ पडल्या असतील तर कुठली उचलली जाईल याचा भरवसा नाही. भाला हवा असतो आणि हातात दगड येतो. बोळाच्या तोंडाशी एक पाऊल जास्त पडलं तर स्लगकॅट आत शिरून थेट दुसऱ्या खोलीत. आणि वर सांगितलेली कोलांटी, ती झेप? खेळ यातलं काहीही शिकवत नाही. सुरुवातीला चालणं, चढणं, खाणं दाखवतो आणि मग ताकास तूर लागू देत नाही. जगाचं गूढ राखावं, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण स्वतःचं शरीर कसं हलवायचं हे का लपवायचं? उंदराला निदान आपलं अंग तरी ठाऊक असतं!

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ज्यांनी सोडून दिला त्यांनी कुठे आणि का सोडला ते वाचायला आवडेल.

---

रानमेवा

सोडून दिलेल्यांपैकी मी एक. तुमची विभागणी चांगली आहे, पण पहिल्या कारणाला तुम्ही फारच सहज माफ करता.

रेन वर्ल्ड आला त्याच वर्षी, फेब्रुवारीत, 'हॉलो नाइट' हा खेळ आला होता. तिथेही उदास, उद्ध्वस्त जग, तिथेही वाट चुकणं, तिथेही सतत मरण. पण बटण दाबल्यावर तिथला किडा-नायक नेमकं तेच करतो जे मला हवं असतं. मी मेलो तर चूक माझी, हे लगेच कळतं. रेन वर्ल्डमध्ये मेल्यावर मला कळायचंच नाही की मी चुकलो, खेळ चुकला की नशीब चुकलं. त्यात कॅमेरा स्थिर. पडद्याची कड ओलांडली की नवीन चित्र येतं आणि सरडा अगदी तोंडाशी उभा. हे वातावरणासाठी आहे असं म्हणता येईलही, पण मला ते अन्यायाचंच वाटलं.

आणि शिकायला हरकत नाही हो, पण शिकताना मोजावी लागणारी किंमत बघा. खेळात कर्म नावाची एक पातळी असते, आसऱ्यात झोपलं की एक पायरी वर, मेलं की एक पायरी खाली. प्रदेशांमधल्या दारांना ठरावीक कर्म लागतं. म्हणजे नवी उडी करून बघावी, चुकावं, पुन्हा करावी, याला जागाच नाही. प्रत्येक चुकीला दंड. अशाने माणूस प्रयोग करणं सोडतो आणि एका कोपऱ्यात माश्या खात बसतो. मी तेच करत होतो आणि एक दिवस कंटाळलो.

---

जुनाट_फ्लॉपी

धागा वाचून 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवला. नव्वदच्या दशकात आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये डॉसवर सगळे तोच खेळायचे. सरांची पाठ वळली की फ्लॉपी आत! जॉर्डन मेकनरने १९८९ साली केलेला हा खेळ. त्याने धाकट्या भावाच्या धावण्या-उड्यांचं चित्रण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. त्यामुळे तो माणसासारखा धावायचा, आणि माणसासारखाच चटकन थांबायचा नाही. दिशा सोडली तरी पाऊल पुढे पडायचं आणि थेट खिळ्यांवर.

तेव्हा कुणी कंट्रोल्स वाईट आहेत असं म्हटल्याचं आठवत नाही. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायचं, कड्याशी यायचं, दोन पावलं मागे घ्यायची आणि मग धावत उडी. हे सगळ्या क्लासला तोंडपाठ होतं, कारण एकाने शोधलं की तो बाकीच्यांना सांगायचा. ६० मिनिटांची मुदत होती तरी पोरं मान मोडून बसायची. मला वाटतं रेन वर्ल्डला तसाच शेजारी बसून सांगणारा कुणीतरी हवा. एकट्याने खेळायला तो कठीण जात असणार.

---

तांबडफुटी

मी खेळांच्याच क्षेत्रात प्रोग्रामर आहे, त्यामुळे थोडं तांत्रिक लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

बहुतेक प्लॅटफॉर्मरमध्ये पात्र म्हणजे आतून एक चौकोन असतो. त्या चौकोनावर आधी रेखाटलेल्या चित्रांची मालिका चालवली जाते: धावण्याची, उडीची, उतरण्याची. रेन वर्ल्डमध्ये तसं नाही. स्लगकॅटचं शरीर म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन गोळे, एक छातीचा, एक कमरेचा. त्यांना वजन आहे, ते ढकलले जातात, आपटतात. हात, पाय, शेपटी हे सगळं त्या गोळ्यांच्या हालचालीवरून त्या त्या क्षणी काढलं जातं. सरड्यांचंही तेच. पाय कुठे टेकवायचा, शेपूट कशी फरफटेल, हे आधी कुणी रेखाटून ठेवलेलं नाही. म्हणून ते जिवंत वाटतात. याकोबसन आणि प्रायमेट यांनी जीडीसी या खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत यावर एक सुंदर भाषण दिलं आहे. प्रोग्रामिंगशी संबंध नसला तरी जरूर बघा.

आता 'सेलेस्ट' हा प्लॅटफॉर्मर घ्या, २०१८ चा. त्यातल्या खेळाडूचा कोड निर्मात्यांनीच खुला केला आहे. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही ०.१ सेकंद उडी मान्य केली जाते. म्हणजे तुम्ही हवेत आहात, पण खेळ म्हणतो, तुला उडी मारायची होती ना, मग मार. अशा कितीतरी सवलती त्यात आहेत. तो खेळ तुमच्या मनात काय होतं ते आधी पाहतो. रेन वर्ल्ड शरीर कुठे आणि कसं आहे ते आधी पाहतो.

रानमेवा, तुम्हाला जो अन्याय वाटला त्याचं एक कारण इथे सापडेल. वजनदार शरीर दोनदा अगदी एकाच जागी, एकाच वेगाने, एकाच कोनात नसतं. त्यामुळे तुम्ही तेच बटण दाबता आणि परिणाम किंचित वेगळा येतो. डोक्याला ते यादृच्छिक वाटतं. तसं ते नसतं, पण वाटतं हे खरं आहे, आणि खेळाडूला काय वाटतं त्याचीही जबाबदारी निर्मात्यांवर येतेच.

बटणांच्या बाबतीत मात्र वळचण यांच्याशी पूर्ण सहमत. खाणं आणि गिळणं एका बटणावर ठेवायला भौतिकशास्त्राने सांगितलेलं नाही. ते फक्त तसं राहून गेलं.

---

वळचण

तांबडफुटी, फार छान समजावलंत. 'मनात काय होतं' आणि 'शरीर कसं आहे' हा फरक मला इतका नेमका मांडता आला नव्हता.

रानमेवा, दंडाबद्दलचा मुद्दा मोलाचा आहे. एक गोष्ट सांगतो. ज्या दिवशी पोट भरलेलं असतं आणि आसरा दोन खोल्यांवर असतो, त्या दिवशी झोपायची घाई न करता तिथेच सराव करायचा. कर्मचिन्हाभोवतीचे ठिपके कमी कमी होत जातात, त्यावरून पाऊस किती लांब आहे ते कळतं. मी कोलांटी अशीच आसऱ्याच्या दारात शिकलो, विहिरीत पोहायला शिकणारा पोर पायरी सोडत नाही तसा. पण हे खेळाने सुचवायला हवं होतं, हे मान्य.

फ्लॉपीराव, प्रिन्सची आठवण अगदी चपखल. एक फरक जाणवतो. प्रिन्सची दुनिया फरशांच्या ठरावीक मापात आहे, त्यामुळे पावलं मोजता येतात. इथे मोजायला फरशाच नाहीत.

---

आंबोळी

माझी तक्रार थोडी निराळी आहे आणि कुणीच ती मांडत नाही म्हणून लिहिते. मला मनगटाचा जुना त्रास आहे. बटण दाबून धरणं, त्याच वेळी तिरकी दिशा देणं, हे माझ्यासाठी सरावाने सुटणारं काम नाही. 'हळूहळू अंगवळणी पडेल' हे वाक्य मला प्रत्येक चर्चेत ऐकावं लागतं. नाही पडणार.

तरीही मी हा खेळ खेळते आणि मला तो मनापासून आवडतो. दोन गोष्टींनी वाट करून दिली. पहिली म्हणजे मंक हा पिवळा स्लगकॅट. हंटर हा आणखी एक स्लगकॅट आणि तो, दोघे नंतरच्या अद्ययावत आवृत्तीत आले. मंकला झोपायला तीनच घास लागतात, प्राणी कमी अंगावर येतात, आणि एकदा उघडलेलं कर्मद्वार कायम उघडं राहतं. दुसरी म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये 'डाउनपोर' ही पुरवणी आली तेव्हा मूळ खेळालाही फुकट मिळालेला 'रीमिक्स' हा विभाग. त्यात नियमांतले बरेच तपशील आपल्या सोयीने बदलता येतात. विशेष म्हणजे डाउनपोर मुळात खेळाच्या चाहत्यांनी, मॉड करणाऱ्यांनी (खेळात स्वतः बदल करणाऱ्यांनी) उभं केलेलं काम आहे. ज्यांनी खेळाचा त्रास सोसला होता त्यांनीच तो पुढच्यांसाठी हलका केला, याचं मला फार कौतुक आहे.

मंकने खेळलं की 'खरा' खेळ खेळला नाही असं म्हणणारे भेटतात. पाऊस मलाही तितकाच गाठतो. आभाळातल्या बेटांवर पोचल्यावर माझेही डोळे तितकेच भरून आले.

---

सांजवारा

आंबोळीताई, +१००. मंकनेच सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगतो.

कंट्रोल्सवर एवढं बोलणं झालं, पण हे लोक एवढं सोसतात ते कशासाठी, तेही लिहायला हवं. माझ्यासाठी त्याचं उत्तर सरडे. गुलाबी खांबावर चढतो, हिरवा जडशीळ आहे आणि त्याला चढता येत नाही, पांढरा भिंतीचाच रंग घेऊन दबा धरून बसतो, पिवळे टोळीने शिकार करतात, काळ्याला दिसत नाही पण आवाजावर धावून येतो. आणि हे सगळे तुमच्यासाठी ताटकळत उभे नसतात. तुम्ही नसतानाही ते फिरतात, आपसात भांडतात, गिधाड आलं की पळतात. एकदा दोन सरडे एका बोळाच्या तोंडाशी एकमेकांवर तुटून पडले होते आणि मी वरच्या दांडीवर श्वास रोखून बसलो होतो. कुणी ते दृश्य माझ्यासाठी रचलं नव्हतं. योगायोगाने मी तिथे होतो.

समोरून भाला फेकलात तर सरड्याच्या डोक्याला लागून उडतो. भाला जातोही सहसा आडवाच, त्यामुळे नेम धरण्यापेक्षा योग्य उंचीवर उभं राहणं महत्त्वाचं. म्हणूनच अवघड शरीर आणि असं जग एकत्र शोभतात. स्लगकॅट चपळ वीर असता तर मी त्या दांडीवर बसलोच नसतो, खाली उतरून दोघांना मारून पुढे गेलो असतो.

संगीताचंही तसंच. संकट जवळ येतं तसा एकेक थर चढत जातो, प्रत्येक प्रदेशाची चाल वेगळी. कितीदा तरी सरडा दिसायच्या आधी ढोल ऐकू येतो आणि पाचावर धारण बसते. रानमेवा, पडद्याच्या कडेवर अचानक गाठ पडते म्हणालात, तिथे हा ढोल कामी येतो. हेडफोन लावून खेळून बघा.

(पुढच्या परिच्छेदात रसभंग आहे, नव्या खेळाडूंनी सोडून द्या.)

किनाऱ्याच्या प्रदेशात पाण्यात कोसळलेल्या अवाढव्य वास्तूत 'लुक्स टू द मून' भेटते. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायची वाट शोधण्यासाठी प्राचीन लोकांनी बांधलेल्या यंत्रांपैकी ती एक. बांधणारे कधीच निघून गेले, ती मोडक्या अवस्थेत तिथेच. तिच्याभोवती तरंगणारे चेतातंतू म्हणजे तिची उरलीसुरली स्मृती. आणि ते तुम्हाला खाताही येतात, तेच उचलायचं बटण दाबून धरून. तिथे माझा अंगठा खरोखर थरथरत होता. नंतर तिला वाचायला मोती नेऊन दिले, एकेक, सरड्यांच्या तोंडातून वाचवत.

---

रानमेवा

सांजवारा, शेवटचा परिच्छेद वाचून मला जरा रागच आला! एवढं असताना मी तिथवर पोचूच शकलो नाही याचा राग.

माझं मत बदललेलं नाही. ज्या खेळात इतकं काही आहे त्याने पहिल्याच प्रदेशात इतक्या माणसांना गमावू नये. २०१७ मध्ये समीक्षकांची मतंही दुभंगली होती, आणि नापसंतीत कंट्रोल्स आणि वारंवार मरण हेच मुद्दे पुढे होते. त्यांना खेळ कळला नाही असं आता म्हणणं सोपं आहे. मला वाटतं त्यांना तो हातातच घेता आला नाही, आणि ती तक्रार रास्त होती.

पण मंक आणि रीमिक्सबद्दल मला माहीत नव्हतं. या शनिवारी पुन्हा उतरवून घेतो. कीबोर्ड की कंट्रोलर?

---

वळचण

कंट्रोलर असेल तर कंट्रोलर, पण ॲनालॉग काडीपेक्षा दिशांची बटणं वापरून बघा. तिरकी दिशा नेमकी लागते. कीबोर्डवर खेळणारेही पुष्कळ आहेत. तसं असेल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन उडी, उचल आणि फेक ही तीन बटणं बोटांना सोयीची वाटतील तिथे बसवा.

बरोबर येणारा तो छोटा पिवळा मार्गदर्शक जिकडे खुणावतो तिकडे पहिले काही दिवस जा. नंतर त्याला सोडून भटका.

---

रानमेवा

रविवार रात्रीचा वृत्तांत. मंक घेतला. दिशांच्या बटणांनी खरंच फरक पडला, खांब आता सहसा सुटत नाही. कोलांटी दहात चारदा बसते. बोळात चुकून शिरणं मात्र अजून तसंच, त्याला काही इलाज नाही का?

आणि एक शंका: औद्योगिक प्रदेशातल्या पुढच्या दारापाशी कर्म एकाने कमी पडतंय. मागे जाऊ की तिथेच झोपू?

---

आंबोळी

तिथेच. दारापासून जवळचा आसरा शोधा, पोट भरून एकदा झोपा, कर्म एकाने वाढेल आणि दार उघडेल. तुम्ही मंक घेतलाय, त्यामुळे ते परत बंद होणार नाही. वाटेत पिवळं चमकणारं फूल दिसलं तर खाऊन टाका. त्यानंतरच्या पहिल्या मरणात कर्म उतरत नाही, आणि मेलात तिथे ते फूल पुन्हा उगवतं.

बोळाला इलाज म्हणजे तोंडापाशी धावू नका, सरपटत जा. मी तसंच करते.